तात्पुरता आवाज

सगळ्या इस्पितळाला तिचा आवाज पाठ होता आणि चेहरा मात्र फारसा कुणाला ठाऊक नव्हता. तळमजल्यावर जिन्याच्या पोटाशी एक बिनखिडकीची खोली होती, तिथं ती टेलिफोन एक्सचेंजवर बसायची. बाहेरून फोन आला की "हॅलो, कुठं जोडू?" असं विचारायचं आणि ज्याला जो वॉर्ड, जो डॉक्टर हवा असेल त्याला तो जोडून द्यायचा. विशीत त्या खुर्चीवर बसली ती चाळिशी उलटली तरी तिथंच होती. लग्नाचं काही जमलं नाही. का जमलं नाही हे विचारणारी माणसंही हळूहळू कमी झाली. आई होती तोवर घरी गेल्यावर बोलायला कुणीतरी होतं. आई गेल्यावर असं व्हायला लागलं की दिवसभर अख्ख्या गावाशी बोलणारी ही बाई एकदा घराचं कुलूप उघडून आत शिरली की दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीवर बसेपर्यंत तोंड उघडत नसे.

एक सवय तिला होती. फोन चालू असताना उजवा हात रिकामा असायचा, म्हणून समोरच्या पाठकोऱ्या कागदावर ती पेन्सिलनं चौकोन काढायची आणि प्रत्येक चौकोनात पलीकडून बोलणारा माणूस. पाहिलेला नसायचाच, आवाजावरून जसा वाटेल तसा. घाबरलेल्या बापाला ती भलेमोठे कान द्यायची. सारखे खेकसणारे एक डॉक्टर होते, त्यांच्या तर नुसत्या भुवयाच काढायची. पाळी संपली की कागद केराच्या टोपलीत. आपण चित्रं काढतो असं तिला कधी वाटलंच नाही.

मग इस्पितळानं यंत्र बसवलं. "वॉर्डासाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा," असं एक अनोळखी बाई गोड गळ्यानं सांगायला लागली आणि हिची खुर्ची उचलून रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. तिथं जुन्या फायली होत्या आणि झुरळं होती. बोलायचं कुणाशीच नव्हतं. काही महिने तिनं कळ काढली आणि एक दिवस राजीनामा देऊन मोकळी झाली. निरोप समारंभात मोठ्या डॉक्टरांनी तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलताना तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच बाईकडे बघितलं. ही हसली. त्यांचं तरी काय चुकलं होतं?

ॲनिमेशनकडे ती वळली ती चष्म्यामुळे. जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून नंबर काढायला गेली. चष्मा तयार व्हायला तास लागेल म्हणाले. दुकानाच्या वर जायला एक अरुंद जिना होता आणि जिन्याच्या भिंतीवर ओळीनं कागद चिकटवलेले होते. कागदांवर चौकोन आणि चौकोनांत पेन्सिलीची घाईघाईची चित्रं. पहिल्या चौकोनात एक माणूस दार उघडतोय, दुसऱ्यात नुसता हात, तिसऱ्यात रिकामी खोली. ती एकेक चौकोन बघत पायऱ्या चढत गेली आणि चित्रं संपली तेव्हा वरच्या दारात उभी होती. आत टू-डी ॲनिमेशनचा क्लास होता. शिकवणारी बाई तिशीतली, केस बारीक कापलेले, बोटांना शाई लागलेली. सगळे तिला मॅडम म्हणत, तिला ते आवडत नसे, पण तिचा इलाज नव्हता.

"मुलासाठी चौकशी करताय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, "माझ्यासाठी."

मॅडमनी एकदा तिच्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची पुढं केली.

वर्गात बाकी सगळे विशीच्या अलीकडचे-पलीकडचे. त्यांना हिला मावशी म्हणावं की काय म्हणावं हे कळेना. पहिल्याच आठवड्यात वर्गातला फोन वाजला, जवळ हीच होती, तिनं उचलून इतक्या वर्षांच्या सवयीनं "हॅलो, कुठं जोडू?" असं विचारलं. वर्ग खो खो हसला. तेव्हापासून तिचं नाव हॅलोताई पडलं. ते तिला खरं तर आवडलं. आईनंतर तिला कुणी टोपणनावानं हाक मारलेली नव्हती.

शिकणं सोपं गेलं नाही. चित्र काढायचं ते कॉम्प्युटरला जोडलेल्या काळ्या पाटीवर, उमटायचं मात्र समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, हे अंगवळणी पडायला बरेच दिवस गेले. स्टोरीबोर्ड मात्र तिला आपल्या घरचाच वाटला. गोष्ट आधी चौकोनाचौकोनांतून मांडायची, कोण कुठं उभा आहे, कॅमेरा लांब की जवळ, हे ठरवून घ्यायचं. एवढं ती वर्षानुवर्षं पाठकोऱ्या कागदांवर करत आली होती. घोडं अडलं ते पुढच्या पायरीवर, ॲनिमॅटिकवर. म्हणजे बोर्डवरची ती कच्ची चित्रं कॉम्प्युटरवर ओळीनं लावायची, कुठलं चित्र किती वेळ दिसणार ते ठरवायचं, खाली कच्चा आवाज टाकायचा आणि सिनेमा चालवून बघायचा. माणसं अजून हललेली नसतात, रंग नसतो, पण सिनेमा जमणार की फसणार ते तिथंच कळतं. मॅडम सांगायच्या, की चुका करायची जागा हीच. इथं एक चित्र कापलं तर घटकाभराचं काम वाया जातं, पुढं जाऊन कापलं तर महिन्याचं.

कच्च्या आवाजासाठी वर्गाला आयतीच हॅलोताई सापडली. खरा आवाज देणारे कलाकार अगदी शेवटी येतात. तोवर कुणाच्या तरी आवाजात वाक्यं भरून ठेवायची, त्याला तात्पुरता आवाज म्हणत. हिचे शब्द स्वच्छ, श्वास मोजका, एका दमात वाक्य बरोबर. ज्याला त्याला तीच हवी. त्या वर्षात ती राणी झाली, कावळा झाली, कुणाची आई झाली, एका सिनेमात तर लिफ्ट झाली. क्लास सुटल्यावर मुलं तिला थांबवून घ्यायची आणि ती आनंदानं थांबायची. घरी जाऊन काय करायचं होतं?

मग पहिल्यांदा एकाचा सिनेमा पुरा झाला आणि सगळ्यांनी मिळून तो बघितला. मुंगीचा सिनेमा होता. मुंगी तिनं केली होती. पडद्यावर मुंगी आली, तोंड उघडलं आणि भलत्याच मुलीचा आवाज बाहेर आला. चांगला होता, तिच्यापेक्षा कोवळा होता. पण आपली खुर्ची परत कुणीतरी उचलून नेली असं तिला वाटलं. बाहेर आल्यावर सिनेमावाल्या मुलाला ते जाणवलं असावं, कारण तो ओशाळून म्हणाला, "अहो हॅलोताई, तो तात्पुरताच होता ना."

"हो रे, मला माहीत आहे," ती म्हणाली. आणि तिला खरंच माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला आपापला सिनेमा करायचा होता. मॅडमनी विषय विचारला तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, की एक माणूस आहे, तो फोन करतो.

तो माणूस खरा होता. इस्पितळातल्या शेवटच्या वर्षी त्याची बायको नऊ नंबरच्या वॉर्डात होती. रोज दुपारी, जेवणं उरकल्यावर, त्याचा फोन यायचा. "नमस्कार. नऊ नंबरला जोडता का?" आवाज वयस्कर, नम्र, जरा खरखरीत. ती जोडून द्यायची. पुढं नवरा-बायको काय बोलत हे तिनं कधी ऐकलं नाही, ऐकायची पद्धत नव्हती. असं पुष्कळ दिवस चाललं. एका सकाळी वॉर्डातली नर्स बोलता बोलता म्हणाली, की ती बाई पहाटे गेली, नवरा येऊन घेऊन गेला. तिला वाईट वाटलं, पण इस्पितळात असं वाईट वाटणं रोजचंच होतं. दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दुपारी फोन वाजला.

"नमस्कार. नऊ नंबरला जोडता का?"

तोच आवाज. त्याला ठाऊक नाही असं होणं शक्य नव्हतं. पण "तुमची बायको आता तिथं नाही" हे कसं सांगणार? आणि सांगायचं तरी कशाला? ती म्हणाली, "लाइन बिझी आहे. थांबता का?"

"थांबतो," तो म्हणाला.

आणि थांबला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, मागं कुठंतरी नळ ठिबकत होता. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "राहू द्या," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मग रोजच. ती लाइन बिझी असल्याचं सांगायची, तो थांबायचा, मग "राहू द्या." दोघांपैकी कुणीही त्यापलीकडे एक शब्द बोललं नाही. पुढं यंत्र आलं. तो नंतरही फोन करत होता का, आणि करत असला तर त्या गोड गळ्यानं त्याला काय सांगितलं, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

हे सगळं तिनं वर्गात सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "तो दिसायला कसा होता?"

"पाहिलाच नाही मी कधी."

तिथूनच अडचणींना सुरुवात झाली. इतकी वर्षं तिनं न पाहिलेल्या माणसांना चेहरे दिले होते, पण या एकाला देता येईना. टक्कल काढलं, मिशी काढली, चष्मा चढवला, उतरवला. प्रत्येक चेहरा कुणाचा तरी दुसऱ्याचाच वाटायचा. बसथांब्यावर, भाजीच्या रांगेत ती म्हाताऱ्या माणसांकडे टक लावून बघत राही, इतकी की एका गृहस्थानं "आपली ओळख आहे का?" असं विचारलं आणि ती लाजून रांग सोडून निघाली. शेवटी तिनं ठरवलं, की चेहरा दाखवायचाच नाही. मान दाखवायची, कान दाखवायचा, रिसीव्हर धरलेला हात दाखवायचा, मांडीवर पडलेला दुसरा हात दाखवायचा. तिच्या ओळखीचा होता तेवढाच माणूस बोर्डवर उतरला.

ॲनिमॅटिक तयार करून तिनं वर्गाला दाखवलं. पुरुषाच्या वाक्यांच्या जागी सध्या तिचाच आवाज होता, जरा जाड काढलेला. सुरुवात बरी झाली. मग "थांबतो" आलं आणि त्यानंतर चित्र होतं त्याच्या पाठीचं, रिकाम्या खोलीसकट. ते तिनं चांगलं चाळीस सेकंद ठेवलं होतं, कारण खरं तर तो याहूनही जास्त वेळ थांबायचा. दहा सेकंदांतच खुर्च्या करकरायला लागल्या. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेतल्या मुलीनं मोबाइल काढला. सिनेमा अडकला असं वाटून एकजण उठून कॉम्प्युटरकडे निघालाही होता.

दिवे लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "आम्ही थांबलो. तो थांबलेला नाही दिसला."

"पण तो एवढाच वेळ थांबायचा."

"असेल. पण बघणाऱ्याला ताटकळत ठेवणं वेगळं आणि कुणीतरी ताटकळलंय हे दाखवणं वेगळं. कापा ते."

तिला ते फार लागलं. सिनेमातली चूक निघाली याचं तिला काही नव्हतं. पण तो माणूस आणि ती, दोघं मिळून ज्या शांततेत रोज बसत होती ती शांतता लोकांना कंटाळवाणी वाटली, हे मनाला झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली नाही, त्यानंतरही गेली नाही. कुणाचा फोन आला नाही. मुलांची आपापल्या कामांची घाई होती, हे कळत असूनही ती फोन जवळ घेऊन बसली.

अशीच एका दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली असताना, काही करायला नाही म्हणून, तिचं घराकडे लक्ष गेलं. उन्हाचा एक पट्टा टेबलावर होता तो बघता बघता काठावर आला, मग खाली फरशीवर उतरला. चहावर साय धरली. फ्रीज घरघरला आणि बंद पडला, आणि तो बंद पडल्यावर कळलं की इतका वेळ तो चालू होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. खिडकीत एक पारवा बसला, आत डोकावला आणि उडून गेला. ती हलली नव्हती. सगळं घर मात्र हललं होतं.

तिनं कागद ओढला आणि चौकोन काढायला घेतले. त्याची पाठ. उन्हाचा पट्टा टेबलावर. परत पाठ, तशीच. कपातली साय. हात, रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळलेली. उन्हाचा पट्टा फरशीवर. पाठ. प्रत्येक चित्र अगदी थोडा वेळ, काही तर डोळा मिटून उघडेपर्यंतच. सगळं मिळून पूर्वीच्या निम्म्याइतकंही भरेना, पण चालवून बघितलं तेव्हा तिला स्वतःलाच जड झालं. ते घेऊन ती क्लासला गेली. मॅडमनी बघितलं आणि दिवा मालवून परत एकदा पहिल्यापासून लावलं. हॅलोताईला तेवढं पुरलं.

आता पुरुषाचा तात्पुरता आवाज हवा होता. वर्गातल्या पोरांनी म्हाताऱ्याचा आवाज काढला की तो नाटकी व्हायचा. ओळखीचा वयस्कर पुरुष म्हणजे तिला एकच होता, तिचा दादा. बसनं दोनेक तासांवर राहायचा. मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा, अलीकडंच ते बंद केलं होतं. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा ही जाऊन थोडे दिवस राहिली होती, भांडी घासली, आल्यागेल्याचं पाहिलं, आणि परत आली. त्यानंतर आठवड्याला एक फोन. कसा आहेस, बरा आहे, जेवलास का, हो, तू? मुलगी परदेशी होती, तिच्याबद्दल दोन वाक्यं. मग दोघांनाही ठेवायची घाई व्हायची, कारण पुढं काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नसायचं.

दादानं आधी आढेवेढे घेतले, मग एका रविवारी सकाळच्या बसनं आला. तिनं आतल्या खोलीत खिडकीवर गोधड्या टांगून ठेवल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. ते बघून तो म्हणाला, की तुझं डोकं ठिकाणावर आहे ना. मग माइकसमोर बसला आणि "नऊ नंबरला जोडता का" हे वाक्य त्यानं गाडीच्या मागची पाटी वाचावी तसं वाचलं. चारदा वाचलं. पाचव्यांदा ती हसली, तोही हसला, पण वाक्य काही सुधारेना.

तेव्हा तिला सुचलं. ती म्हणाली, की वाचू नकोस, मला खराच फोन कर. मी स्वयंपाकघरात बसते, तू इथून फोन लाव, माइक चालू राहील. मी माझी वाक्यं बोलेन, तू तुझी बोल. "थांबतो" म्हणालास की मनात वीस मोज आणि मग "राहू द्या" म्हण.

दार ओढून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. फोन वाजला.

"नमस्कार," दादा म्हणाला. "नऊ नंबरला जोडता का?"

या वेळी बरोबर आलं. ती सावरून म्हणाली, "लाइन बिझी आहे. थांबता का?"

"थांबतो."

वीस होऊन गेले असावेत. तो बोलेना. तो मोजायचं विसरला असं तिला वाटलं, पण त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो मोजणाऱ्या माणसाचा श्वास नव्हता. तिनं कानाशी फोन घट्ट धरला. मग तो बोलला, तिनं लिहून न दिलेलं.

"ती गेल्यावर मी तिच्या मोबाइलवर फोन करायचो," दादा म्हणाला. "चार्ज करून ठेवायचो तिचा मोबाइल. बाहेरच्या खोलीतून लावायचो, आतल्या खोलीत वाजायचा. वाजू द्यायचो."

तिनं बंद दाराकडे बघितलं.

"राहू दे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मधे एक दार होतं आणि सहा-सात पावलांचं अंतर. ती उठून उभी राहिली, आणि परत बसली. तो फोनवर बोलला ते समोर बसून बोलू शकला नसता, हे तिला कळत होतं. आता लगेच दार उघडलं तर त्याला तोंड कुठं लपवावं असं होईल. तिनं चहा टाकला, चांगला उकळू दिला, कप वाजवले आणि मगच दार ढकललं. दादा गोधडीची टोकं खिळ्यावरून सोडवत होता. चहा पीत त्यानं मॅडमबद्दल विचारलं, पाटीवर चित्र कसं निघतं ते बघितलं. उजेड असतानाच निघाला. जिन्यात मागं वळून म्हणाला, "ते मधलं काढून टाक."

"काढते."

आणि तिनं काढलं, तो निघाल्याबरोबर, पुन्हा ऐकायचा मोह व्हायच्या आत. शेवटचं "राहू दे" तेवढं ठेवलं. वर्गात ॲनिमॅटिक लावलं तेव्हा मॅडमनी ते अचूक पकडलं. अनोळखी बाईला तो "राहू द्या" म्हणेल, "दे" कसं? ती म्हणाली, की तात्पुरतंच आहे, शेवटी बदलू.

ॲनिमॅटिक मंजूर झालं आणि पुढचे कितीतरी महिने तिनं टेबलाशी काढले. बोर्डवर एका चौकोनात जो हात होता तो आता खरोखर हलायला हवा होता. आधी मुख्य चित्रं काढायची: हात रिसीव्हरवर, हात हवेत, हात मांडीवर. मग त्यांच्या मधली चित्रं, केसाएवढ्या फरकाची, एकामागून एक. मग प्रत्येकावरून स्वच्छ रेघ ओढायची, मग रंग. एक हात खाली यायला आठवडा लागायचा आणि पडद्यावर तो क्षणात यायचा. वर्गातली पोरं एकमेकांची मधली चित्रं वाटून घ्यायची, गाणी लावून काम करायची. हिलाही विचारायची, पण हिला तो हात दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नव्हता. ती घरीच करायची. मान दुखायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि पूर्वीसारखंच दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. फरक एवढाच, की आता त्या घरात अजून एक माणूस होता, पाठमोरा, आणि तो रोज थोडा थोडा हलायला शिकत होता.

शेवटी आवाजाची वेळ आली. दादाचाच आवाज ठेवावा असं तिच्या मनात होतं, पण तिनं विचारायच्या आधीच त्याचा फोन आला.

"माझा आवाज नको ठेवूस," तो म्हणाला. "लोक ऐकतील."

"बरं."

"राग नाही ना आला?"

"नाही रे."

मग मॅडमच्या ओळखीचे एक नाटकातले कलाकार आले, अदबशीर, भरदार गळ्याचे. पहिल्याच खेपेत सगळी वाक्यं सुरेख बोलून गेले. "राहू द्या" तर असं म्हणाले की ध्वनिमुद्रण करणाऱ्यानंही मान डोलावली. बाईच्या आवाजासाठीही कुणाला बोलवायचं का, असं तिनं विचारलं तेव्हा मॅडमनी साफ नकार दिला. एक्सचेंजवरची बाई तीच राहील म्हणाल्या. अशा रीतीनं इतक्या सिनेमांनंतर तिचा आवाज एका सिनेमात कायमचा राहिला, आणि दादाचा गेला.

वर्षअखेरीला एका छोट्या सभागृहात सगळे सिनेमे दाखवले. दादा येतो म्हणाला होता, शेजारची खुर्ची तिनं पर्स ठेवून धरून ठेवली. तो आला नाही, बस चुकली असा निरोप आला. तिचा सिनेमा लागला. "थांबतो" झालं, उन्हाचा पट्टा टेबलावरून खाली उतरला आणि सभागृहात कुणी हललं नाही, खोकलंसुद्धा नाही. संपल्यावर टाळ्या पडल्या. मुलांनी येऊन हात हातात घेतले, एकीचे डोळे ओले होते. त्या भरदार आवाजाचं सगळ्यांनी कौतुक केलं, तिनंही केलं. सगळे मिळून जेवायला निघाले तेव्हा तिलाही चला म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढं. त्यांनी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही, आणि केला असता तर ती गेली असती, हे बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं.

पुढं मॅडमच्याच शब्दाखातर तिला एका स्टुडिओत काम मिळालं. जाहिराती, शाळेच्या फिल्म्स, कधी मालिका. दुसऱ्यांनी काढलेले बोर्ड तिच्याकडे येतात, ती त्यांची ॲनिमॅटिक करते: हे चित्र जरा लवकर बदला, इथं श्वास घ्यायला जागा ठेवा. कच्चे आवाज अजून तिचेच असतात. काम पुरं झालं की ते पुसले जातात, आणि आता तिचं त्यावाचून काही अडत नाही. टेबल खिडकीजवळ आहे. दुपारचा डबा ती बहुतेक वेळा एकटीच खाते.

सिनेमानंतर महिन्याभरानं दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं.

"ते आधीचं आहे का गं तुझ्याकडे? माझ्या आवाजातलं?"

"आहे."

"पाठवशील?"

तिनं पाठवलं. कच्च्या चित्रांचं, हात न हलणारं, "राहू दे" वालं. तिला वाटलं तो काहीतरी सांगेल. आठवडा गेला, पुढचे फोन नेहमीसारखेच झाले, कसा आहेस, बरा आहे. तिनं विचारलं नाही.

मग एका रविवारी तो न कळवता दारात उभा राहिला. म्हणाला, की सहज आलो, घरात बसून कंटाळलो. तिचं स्टुडिओचं काम टेबलावर पसरलेलं होतं, सोमवारी द्यायचं होतं. तू कर तुझं काम, म्हणाला, आणि तिच्या मागं खुर्ची ओढून बसला. ती चित्रं लावत होती, तो बघत होता. बराच वेळ गेल्यावर त्यानं विचारलं, "तो माणूस नंतर फोन करत होता का गं?"

"काय माहीत. माझी तिथली खुर्चीच गेली ना तोवर."

"हं," दादा म्हणाला.

ती वळली नाही. पडद्यावर शाळेच्या फिल्ममधला एक मुलगा रस्ता ओलांडायला उभा होता आणि तो किती वेळ उभा राहावा हे तिला ठरवायचं होतं. तिनं एकदा लावून बघितलं.

"फार घाई करतोय तो," मागून दादा म्हणाला.

तिनं थोडा वेळ वाढवला आणि परत लावलं. तो काही बोलला नाही, तेव्हा तिनं पुढचं चित्र घेतलं. उन्हं कलल्यावर त्याला थांब्यापर्यंत सोडायला ती बरोबर गेली. बस येईपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभी राहिली आणि बसमध्ये चढताना तो म्हणाला, पुढच्या रविवारी जमलं तर येतो.